राखून ठेवलेलं वर्ष

"काकू, दादाचं दप्तर."

तिने वळून पाहिलं. शाळेच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी छातीशी दप्तर धरून उभी होती. दप्तराचा पट्टा तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता. दप्तर तिच्या मुलाचंच होतं, चेन तुटल्यावर तिनेच तिला सेफ्टी पिन लावली होती. पण ती मुलगी कोण आणि तो तिचा दादा कसा, हे काही तिच्या ध्यानात येईना. कुणाची तरी धाकटी बहीण असावी असं समजून तिने विचारलं, "कुणाचा दादा गं?" मुलीला हा प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. "आमच्या वर्गातला," ती म्हणाली. "त्याचा हात मुरगळलाय ना, म्हणून मी आणलं. डबा आतच आहे. खाल्ला नाही त्याने." एवढं बोलून तिने दप्तर हातात दिलं आणि दोन दोन पायऱ्या चढत ती वर पळून गेली.

आमच्या वर्गातला दादा. दप्तर खांद्याला लावून ती तिथेच उभी राहिली. शाळेतून फोन आल्यावर हॉस्पिटलमधून ती तशीच निघाली होती, अंगात पांढरा कोट, पायात कामाच्या चपला. वाटेत हाताचा विचार करत आली, कुठलं हाड असेल, कसा पडला असेल. तो विचार आता कुठल्या कुठे गेला. मुलं त्याला ढ म्हणतील, नापास म्हणतील, याची तिने तयारी ठेवली होती. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तर रोज त्याच्या तोंडाकडे बघून ती अंदाज घ्यायची, आज कुणी काही बोललं का. कुणीच काही बोललं नव्हतं. त्यांनी त्याला नुसता मोठा भाऊ करून टाकला होता. आठवीच्या वर्गात बाकावर बसलेला, खडू वरच्या फळीवरून काढून देणारा, भांडणं सोडवणारा एक दादा. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच कुणाला काही बोलायला जागा नव्हती. घरी येऊन तोही हे कधी बोलला नव्हता.

तो व्यायामशाळेच्या दारातून बाहेर आला, मनगटाला बर्फाची पिशवी बांधलेली. मागून व्हॉलीबॉलचे सर आले. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. गळ्यातली शिट्टी ते जेवतानासुद्धा काढत नाहीत अशी ख्याती होती. "काही नाही ताई, नेटवर बॉल अडवायला, ब्लॉकला गेला आणि हात टेकून पडला," ते म्हणाले. "पण एक्स-रेचा एक फोटो काढून घ्या. तुमचं काय, घरचाच फोटोग्राफर." आणि स्वतःच हसले. मग तिच्या मुलाचा खांदा दाबून म्हणाले, "सोन्याचा हात आहे हा आपला. सांभाळून न्या." आपला, हा शब्द तिला टोचला. वर्षापूर्वी टोचला नव्हता. तेव्हा उलट बरं वाटलं होतं, आपल्या मुलाला आणखी कुणी तरी आपला म्हणतंय.

हॉस्पिटल फार लांब नव्हतं, चालतच निघाले. फुटपाथवर बांधकामाची वाळू पडली होती, तिथे एकामागे एक चालावं लागलं. तो पुढे, ती मागे. मागून ती त्याची मान बघत होती. रुंद झालेली, केस बारीक कापलेले, कानामागे घाम. लहानपणापासून तो सगळ्यांच्या पुढे. इतर मुलं दुधाचे दात हलवून दाखवत होती तेव्हा याचे निम्मे पडून गेलेले. सहावीत त्याचा आवाज फुटला, तेव्हा तिने सासूबाईंना फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. सातवीत ओठावर लव आली. वर्गाच्या फोटोत तो मागच्या रांगेत मधोमध, झाडासारखा. सगळे त्याला लांबू म्हणत. नेटच्या पलीकडची पोरं त्याचा हात वर गेलेला बघूनच माघार घेत. तेव्हाच सरांची नजर त्याच्यावर गेली आणि त्याच्या बाबांची नजर सरांवर.

बाबा रंगाच्या दुकानात शेड मिसळून देतात. गिऱ्हाईक भिंतीच्या ढलप्याचा तुकडा आणतं आणि ते बघून सांगतात, यात पिवळा किती, काळ्याचे थेंब किती. या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण घरी त्या कामाबद्दल कधी एक शब्द नाही. बोलायचे ते व्हॉलीबॉलबद्दल. तरुणपणी संघात होते, म्हणजे संघाबरोबर गावोगाव गेले होते. खेळायला उतरवलं ते थोडंच. उंची चार बोटं कमी पडली असं ते सांगत, आणि सांगताना उजव्या हाताची चार बोटं आडवी धरून दाखवत, जणू ती बोटं कुणी तरी कपाटात लपवून ठेवली होती. मॅच चालू असताना खेळणाऱ्यांची घड्याळं ते सांभाळायचे. दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं बांधून बाकावर बसायचे. लग्नानंतर पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ते हसत होते आणि तीही हसली होती. नंतर कधी तरी भांडी घासताना ते चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिचे हात थांबले.

"काय लांबू!" समोरून चार-पाच मुलं आली. खेळाच्या मोठ्या शाळेचा निळा गणवेश, मोठी दप्तरं. त्याच्याच जुन्या वर्गातली. त्यांनी त्याला घेरलं, बर्फाच्या पिशवीला बोट लावून पाहिलं. एक जण म्हणाला, "नाटक करतोय, गणिताची परीक्षा असेल." दुसरा म्हणाला, "त्याला काय रे परीक्षा, त्याला सगळं पाठ आहे, दुसऱ्यांदा चाललंय." तो हसला. सगळ्यांबरोबर हसला. ती बाजूला उभी राहून बघत होती आणि अचानक तिला दिसलं, की त्यांच्यातले दोघे आता त्याच्यापेक्षा उंच आहेत. तिसरा त्याच्या बरोबरीला आलाय, हा तर पाहुण्यासारखा घरी यायचा, खुर्चीवर बसला की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. नाव मात्र अजून याच्याकडेच राहिलं होतं. मुलं निघून गेली. तो पुन्हा तिच्या पुढे चालू लागला, जरा भराभर.

सर पहिल्यांदा घरी आले तो रविवार होता. बाबांनी त्यांना हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकले. सर म्हणाले, "साहेब, पोरगा हिरा आहे. पण मोठ्या शाळेत वर्गावर संघ निवडतात. आज पाठवला तर चारचौघांतला एक. एक वर्ष आठवीतच राखून ठेवला, की पुढच्या वर्षी तोच त्या वर्गातला सगळ्यांत उंच, सगळ्यांत दांडगा. फळ झाडावर जरा जास्त राहू द्यायचं, एवढंच. सगळे करतात. वर्षभरात आणखी चार बोटं वाढेल." चार बोटं हे शब्द सरांनी सहज वापरले. त्यांना काय माहीत. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विचारणं नव्हतं, सांगणंही नव्हतं. एखादं मूल दुकानाच्या काचेला नाक लावून आईकडे बघतं तसं काही तरी होतं. ती म्हणाली, "त्याला तरी विचारा." त्याला विचारलं. तो दारात उभा होता. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. तेव्हा तिला वाटलं, किती शहाणं लेकरू.

पण पास झालेल्या मुलाला खाली कसं बसवणार? मुख्याध्यापिका बाई साध्या होत्या, नियमाच्या होत्या. "मार्क पडले तर मी अडवू शकत नाही," त्या म्हणाल्या, "आणि नाही पडले तर पुढे पाठवू शकत नाही." एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग घरात ठरलं. ठरलं म्हणजे कुणी मोठ्याने बोललं नाही, पण जेवताना बाबा म्हणाले, "गणित आणि शास्त्र, दोन पुरेत," आणि त्याने मान हलवली. ती रोज पहाटे, घरात कुणाशीही बोलण्याआधी, देवाशी दोन शब्द बोलते. कधी काही मागत नाही, हा तिचा नेम. दिलंस ते पुष्कळ, एवढंच म्हणायचं आणि कामाला लागायचं. गणिताच्या पेपरच्या दिवशी डोळे मिटले आणि काय बोलावं ते कळेना. इतर आया आज काय मागत असतील ते तिला माहीत होतं. शेवटी ओठांतून निघून गेलं, देवा, त्याला पास होऊ देऊ नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं, ते हे. आणि देवाने ते तत्काळ दिलं.

गणिताच्या पेपरहून तो आला तेव्हा तिने ताट वाढलं. कसा गेला हे विचारायची सवय जिभेवर होती, ती तिने आवरली. तोच म्हणाला, "पूर्ण वेळ बसलो. आधी उठलो असतो तर बाईंना संशय आला असता." थोड्या वेळाने म्हणाला, "शेवटचं गणित सोपं होतं. मनात सोडवलं." आणि वरणाची वाटी पुढे केली. तिने वाटी भरली. त्या वेळी तिने म्हणायला हवं होतं, ऊठ, चल, आपण बाईंकडे जाऊ. असं किती तरी वेळा तिला नंतर वाटलं, कपडे वाळत घालताना, एक्स-रेच्या खोलीत दिवा मालवताना. पण त्या वेळी तिने म्हटलं होतं, भात घे अजून, वाढीचं वय आहे.

हॉस्पिटलमध्ये दुपारची शांतता होती. पुसलेल्या फरशीचा वास, बाकावर डुलक्या घेणारा एक म्हातारा. वॉर्डबॉय म्हणाला, "काय चॅम्पियन, आज पाहुणे म्हणून?" तिने मुलाला टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं, त्याच्या छातीवर शिशाचा जड एप्रन घातला. रोज कितीतरी लोकांचे हात ती असे प्लेटवर ठेवते, बोटं पसरते, हलू नका म्हणते. त्याचा हात ठेवताना तिच्या लक्षात आलं की किती दिवसांत आपण हा हात हातात घेतलेला नाही. तळव्याला घट्टे, नखं खाल्लेली. नखं तो कधी खायचा नाही. "दुखतंय?" "नाही." "हलू नकोस." ती काचेमागे गेली, बटण दाबलं.

पडद्यावर हात उमटला. मोडलं कुठेच नव्हतं, हे तिला पहिल्या नजरेतच दिसलं आणि तिने श्वास सोडला. मग तो श्वास अर्ध्यावर राहिला. वाढत्या मुलाच्या मनगटात हाडाच्या टोकाला एक काळी फट दिसते, जणू टोक नुसतं अलगद ठेवलंय. तिथूनच हाड वाढतं. वाढ संपत आली की ती फट बुजते. याच्या हातात फट नव्हती. होती तिथे फिकट रेघ, पेन्सिलने काढून खोडलेली असावी अशी. तिने पडदा उजळ केला, मग मंद केला. दिव्याने काही फरक पडत नाही हे तिला माहीत होतं. सहावीत फुटलेला आवाज, सातवीतली लव. लवकर वाढलेली पोरं लवकर थांबतात, हे या खोलीत तिने किती तरी आयांना ऐकवलं होतं. कसं सुचलं नाही? रोज लोकांच्या आत बघणारी बाई, घरातल्या पोराच्या आत बघायचं तिला का सुचलं नाही? की सुचलं होतं आणि तिने ते पलंगाच्या कडेला टेकलेल्या त्या माणसाकडे बघून गिळून टाकलं होतं?

ती शेजारच्या खोलीत गेली. डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होत्या. त्यांनी त्यांच्या पडद्यावर तोच हात पाहिला. "फ्रॅक्चर नाही," त्या म्हणाल्या. "बांधून टाक, बरं होईल."

"आणि उंची, मॅडम? अजून वाढेल?"

"याची? आता कुठली. फार तर अर्धं बोट. वाढून झालाय हा." त्यांनी घोट घेतला. "का गं, कोण आहे?"

"ओळखीच्यांचा मुलगा आहे," ती म्हणाली. हे वाक्य आपल्या तोंडून आलं याचं तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते किती सहज आलं याचं. डॉक्टरीणबाई कपाळावरचा चष्मा शोधू लागल्या आणि ती परत आली.

तो तसाच बसला होता, एप्रन अंगावर. काढायचा हे त्याला सुचलं नव्हतं की कुणी सांगितलं नव्हतं म्हणून बसला होता. तिने एप्रन काढला, पट्टी घेतली, गुंडाळायला लागली. गुंडाळता गुंडाळता सांगितलं. नेहमीच्या आवाजात, बाकीच्या आयांना सांगते तसं, हाड, फट, रेघ. तो पट्टीकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे संपलं," तो म्हणाला.

"संपलं असं नाही रे. खेळायला काय, तेवढी उंची आहे की तुला."

"वाटलंच होतं मला." त्याने पाय किंचित पुढे केला. "बूट नाही का तेच चाललेत. गेल्या वर्षीचे. आधी दर सहामाहीला अंगठा लागायचा." बाहेर त्या म्हाताऱ्याचा नंबर पुकारला, कुणी तरी त्याला हलवून उठवलं. "आता वरच्या वर्गात घेतील का मला?"

"मधूनच नाही घेत, बाळा."

"नाही ना." त्याने मान हलवली, त्या दिवशी जेवताना हलवली होती तशीच. तिने पट्टीचं टोक खोचलं, चिकटपट्टी लावली. तिला वाटलं, हा आता ओरडेल, काही तरी फेकेल. तिने मनातून ते मागितलंसुद्धा. फेक, हा ट्रे आहे, ही कात्री आहे, फेक माझ्या अंगावर. तो म्हणाला, "बाबांना सांगू नकोस."

"का रे? सांगायला नको? मी सांगते त्यांना, सरांनाही सांगते. हे थांबवू."

"थांबवून काय? मी तर बसलोच आहे ना खाली. माझं वर्ष गेलंच आहे." तो स्टुलावरून उतरला. "त्यांचं तरी कशाला घालवायचं?"

त्याने हे समजुतीने म्हटलं. त्या वेण्यांच्या मुलीशी हा याच आवाजात बोलत असेल, असं तिला वाटलं. तुटलेल्या पेन्सिलीवरून रडणाऱ्या कुणाची तरी तो अशीच समजूत घालत असेल. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि कुठल्या नात्याने ठेवावा हे तिला कळेना. तिने दप्तर उचललं. "डबा खा आधी," ती म्हणाली. तिथेच बाकावर बसून त्याने डाव्या हाताने गार पोळी खाल्ली, सगळी.

घरी बाबांनी पट्टी बघितली, फ्रॅक्चर नाही हे दोनदा विचारून घेतलं. "हाताला आराम," ते म्हणाले, "पायाला कसला आराम? उड्या तर मारता येतात." बोटांवर हिरव्या रंगाचे शिंतोडे होते, जेवताना त्यांनी ते नखाने काढले. ती तोंड उघडणार होती. भाजी वाढताना उघडणार होती, पाणी ठेवताना उघडणार होती. प्रत्येक वेळी समोरून मुलगा बघायचा, नुसता बघायचा. ती मीठ पुढे करायची. दुसऱ्या पहाटे देवापुढे डोळे मिटले तेव्हा तिला नेहमीचे दोन शब्दही आठवेनात. दिलंस ते पुष्कळ, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? ती नुसतीच बसून राहिली आणि अंडी उकळल्याचा आवाज आला तेव्हा उठली.

रविवारी सकाळी बाबांनी त्याला पळायला न्यायचं ठरवलं होतं. अर्ध्या चड्डीत तो दारात बसून बुटाच्या नाड्या एका हाताने बांधत होता, बाबा त्याच्याकडे बघत उभे होते. त्यांच्या डोळ्यांत रंग जुळवतानाची ती बारकाई होती. "काय गं," ते म्हणाले, "उंच वाटत नाही का हा आज? मला तर वाटतोय." तिच्या हातातली बशी ओट्यावर टेकली. सांगायचं ते तिच्या ओठांवर आलं, खरंच आलं होतं.

"शाळेची पॅन्ट आखूड व्हायला लागलीय, बाबा," मुलगा नाड्यांकडे बघत म्हणाला.

बाबांचा चेहरा उजळला, इतका, की तिला बघवेना. ते खाली वाकले आणि त्याचा दुसरा बूट स्वतः बांधू लागले. "बघू उद्या," ते बुटाशीच बोलल्यासारखं म्हणाले. "उद्या घालशील ना, तेव्हा बघू आपण. तुला नवी शिवू." मग दोघं जिना उतरले. बाबा काही तरी सांगत होते आणि तो हं, हं म्हणत होता. आवाज खाली खाली गेला.

गॅलरीत दोरीवर पॅन्ट वाळत होती. तिने ती काढली, मांडीवर घेतली, पाय सरळ करून पाहिला. आखूड झाली नव्हती. शाळा सुरू होताना तिनेच बेतून दिलेली, घोट्याशी पडायची तिथेच पडत होती. तिने खालची शिलाई ब्लेडने उसवली, कापड आणखी एक बोट आत दुमडलं, नखाने घडी दाबली. जुनी घडी पांढरट दिसत होती, ती आतल्या बाजूला गेली. इस्त्री केल्यावर ओळखू आलं नसतं. सुईत दोरा ओवायला दोनदा हुकली. मग आतून टाके घालत गेली, बारीक, जवळ जवळ, बाहेरून दिसणार नाहीत असे. टोकाशी आल्यावर तिने दाताने दोरा तोडला आणि पॅन्टचा दुसरा पाय मांडीवर ओढून घेतला.